दोन पाळ्यांच्या मधला उन्हाळा

मराठवाड्यात मे महिन्यात फिरायला निघालो म्हटलं की घरचे आधी कपाळाला हात लावून बघतात. ४२ अंशांत डोंगर चढणारा माणूस शहाणा नसतोच, मान्य. पण ज्याची सुट्टी नोटीस बोर्डावर लागते त्याला श्रावणाची वाट बघणं परवडत नाही. माझी संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यात तीन पाळ्यांची नोकरी. गेला अख्खा उन्हाळा एक पाळी सुटल्यापासून दुसरीचं पंचिंग होईपर्यंत जेवढं बसेल तेवढं फिरलो. असं अजून कोण कोण फिरलं, लिहा. नुसते फोटो नकोत. किती वाजता निघालात, पाणी कुठं मिळालं आणि ड्युटीवर वेळेत पोचलात का, ते सांगा.

सुरुवात मीच करतो, तीही फजितीनं.

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. सोमवारची दुसरी पाळी करून आलो, तीन तास झोपलो आणि पहाटे चारला मी अन् शेजारच्या मशीनवरचा जोडीदार गाडीवर बसलो. बेत वेरूळचा. पहाटेचा वारा, रस्ता मोकळा, दौलताबादचा किल्ला अंधारात नुसता काळा ढीग दिसत होता. वेरूळला पोचलो आणि लक्षात आलं, आज मंगळवार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे मला शाळेपासून पाठ आहे. गावात पाहुणे आले की मीच त्यांना बजावतो. जोडीदार काही बोलला नाही, हेल्मेट काढून नुसता हसत उभा राहिला. चहा पिता पिता टपरीवाला म्हणाला, "इथवर आलेच तर पितळखोऱ्याला जा ना."

गेलो. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या रांगेत, गौताळा अभयारण्याला लागून. गाडी वर लावायची आणि पायऱ्यांनी खाली दरीत उतरायचं. ओढा ठणठणीत कोरडा होता. लेणी वेरूळच्या कितीतरी आधीची, इसवीसनापूर्वीची. दगड ठिसूळ, बरंच पडलंय, खांब नंतर सिमेंटनं उभे केलेत. पण खाली हत्तींची एक रांग आहे आणि दाराशी दोन द्वारपाल. आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसून धपाटे खाल्ले. तिसरं माणूस नव्हतं.

घरी आल्यावर वाचलं की इथं सापडलेला एक बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो घडवणाऱ्यानं त्याच्या हातावर आपलं नाव कोरलंय. कण्हदास, धंद्यानं सोनार. आम्ही जॉबवर ऑपरेटरचा नंबर मारतो, तो पार्ट रिजेक्ट झाला तर कोणाला धरायचं म्हणून. याचा माल दोन हजार वर्षं पास झालाय.

चूक एवढीच की उतरायला गार वाटलं म्हणून वेळेचं भान राहिलं नाही. साडेअकराला चढायला लागलो तेव्हा दोघांत अर्धा लिटर पाणी. पायऱ्या तव्यासारख्या. वर आलो तर सीटवर बसवेना. कन्नडजवळ रसवंतीवर चार-चार ग्लास ढोसले तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला.

स्टाफ नर्स, लातूर

आमची नाइट सकाळी आठला संपते. नाइटनंतर दिवसभर झोपायचं आणि उठल्यावर डोकं धरून बसायचं, हा नेहमीचा क्रम. एप्रिलमध्ये आम्ही तिघींनी ठरवलं, दुपारपर्यंत झोपायचं आणि ऊन कललं की निघायचं. दोन स्कुट्या. आईला "मैत्रिणीकडं" सांगितलं. खोटं नव्हतं, मैत्रीण सोबतच होती.

पहिल्यांदा औसा, वीसेक किलोमीटर. किल्ला किल्ला म्हणत गेलो तर किल्ला दिसेचना! सभोवारची जमीन उंच आणि हा खोलगटात बसलेला, अगदी खंदकाशी जाईपर्यंत पत्ता लागत नाही. मला फार आवडली ही युक्ती. वॉर्डात राउंडच्या वेळी असं लपता आलं असतं तर.

दुसऱ्या खेपेला खरोसा, निलंग्याच्या रस्त्याला. जांभ्या दगडात खोदलेल्या लेण्या आहेत. जांभा मऊ, त्यामुळे रामायण-महाभारतातले प्रसंग झिजून नुसते आकार उरलेत. कोण कुठला ते आम्ही आपसांत भांडून ठरवलं. वर रेणुकेचं देऊळ आहे. तिथं एक आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरींनो, कुठं चाललाव असल्या उन्हात? लेकराबाळाच्या आहेत का नाही?" मग स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. माठातलं असावं, दात गार पडले. आमच्या थर्मासमधलं पाणी तोवर गरम झालं होतं, ते आम्ही हात धुवायला वापरलं.

सूर्य बुडताना निघालो, रात्री आठच्या ड्युटीला आठला दहा कमी असताना हजर. युनिफॉर्म डिकीत होता. तिसऱ्या वेळी एकीला ओआरएस प्यायला लागलं, चक्कर आली. दिवसभर पेशंटला सांगतो पाणी प्या, पाणी प्या, आणि स्वतः मात्र वाटेत लघवीला जागा कुठं मिळणार म्हणून पीत नाही. बायकांनो, हे मुद्दाम लिहिलंय. पंपावर थांबा, लाजू नका.

नांदेडहून

आम्ही मे महिन्यात धबधबा बघायला गेलो होतो. हसून घ्या. पैनगंगेवरचं सहस्रकुंड, इस्लापूरजवळ. मित्राच्या मोबाइलमधला व्हिडिओ ऑगस्टचा होता हे तिथं गेल्यावर कळलं. एक बारीक धार आणि बाकी सगळा काळाकुट्ट खडक. पण खरं सांगू? पावसाळ्यात पाण्याच्या तुषारात काही दिसत नाही, उन्हाळ्यात खडकातले रांजण दिसतात. समोरचा काठ यवतमाळचा, म्हणजे विदर्भ. तिकडूनही चार पोरं तोंडं पाडून बघत उभी होती.

थर्मलवाला, परळी

सगळे मजेचं लिहायलेत, मी एक वाईट लिहितो. तिसरी पाळी करून सकाळी न झोपता अंबाजोगाईला निघालो. पंचवीसच किलोमीटर तर आहे, त्यात काय. हत्तीखाना लेणी बघितली, चौकातले दगडी हत्ती बघितले, मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन आलो, तिथं झाडाखाली थंडगार वाटलं. तेव्हाच आडवं व्हायला पाहिजे होतं. परतीला डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा गाडी रस्ता सोडून बाभळीत आणि मी तिच्याखाली. काटे, ढोपर फुटलं, बाकी निभावलं. मागून ट्रक नव्हता हे माझं नशीब. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असता तर आज लिहायला नसतो. रातपाळी करून सरळ गाडीवर बसू नका. दोन तास झोपा, मग कुठं जायचं तिथं जा.

रातराणी (वरच्यांना)

दादा, ढोपर बरं झालं का? आमच्या ह्यांना तुमचं हे मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात ते असंच निघणार होते.

एसटीचा कंडक्टर

आम्हाला गाडी चालवायची नाही, पेट्रोल घालायचं नाही, उलट पगार मिळतो. उन्हाळ्यात लग्नसराईची गर्दी, उभं राहायला जागा नसते ते वेगळं. पण मुक्कामी गाडी मिळाली की सकाळ आपली. परंड्याला मुक्काम पडला तेव्हा साडेपाचला उठून किल्ल्याकडं गेलो. भुईकोट, भोवती खंदक. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी इथंच होती, मग तिकडं नेली. एवढं धूड कसं नेलं असेल, रस्ते काय होते तेव्हा. आमची गाडी अजून खड्ड्यात आदळते. आठची फेरी होती, पावणेआठला तिकीट मशीन गळ्यात.

पंपावरचा, जालना

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री अभयारण्यात पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजतात, त्यात नाव दिलं होतं. गौताळ्यात. पंपावर रातपाळी असते, म्हणजे रात्रभर जागायची सवय आहेच, फुकट का घालवा? एका पोराशी पाळी बदलून घेतली. त्याच्या बदल्यात त्याची दोन रविवारची ड्युटी केली, हा सौदा महागच पडला.

दुपारीच मचाणावर चढवलं. वनरक्षकानं आधी माझा शर्ट बघितला. पांढरा. "हा काढा," म्हणाला. मग त्याचाच जुना खाकी दिला. अत्तर नको, तंबाखू नको, मोबाइल बंद. पाच वाजेपर्यंत नुसत्या माशा. मग मोर आले, लांडोरी आल्या. अंधार पडता पडता नीलगाय, अर्धा तास झाडीत उभी राहून पाण्याकडं बघत होती, पुढं येईना. तिला आमचा वास लागला असणार. चंद्र वर आला तसं पाणी पत्र्यासारखं चमकायला लागलं. रात्री दोनच्या सुमाराला साळिंदर आलं, त्याच्या काट्यांचा खुळखुळ आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बिबट्या नाही दिसला. पलीकडच्या टेकडीवर वानरं एकदम ओरडली, तेव्हा सोबतच्या माणसानं माझं मनगट धरलं ते दहा मिनिटं सोडलं नाही. कागदावर मात्र दिसलं तेवढंच लिहायचं असतं.

सकाळी उतरलो तर पाय लाकडासारखे. कन्नडला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) खाल्ली, बसमध्ये झोपलो, जालन्याला कंडक्टरनं उठवलं. (वरचे साहेब नव्हते ना ते?)

एसटीचा कंडक्टर

नाही. मी असतो तर शेवटच्या थांब्यालाच उठवलं असतं.

नवीन पोरगा, शेंद्रा

तुम्ही सगळे येडे आहात. पण येत्या सुट्टीला कोण जातंय का? माझ्याकडं गाडी नाही. हेल्मेट आहे.

धागाकर्ता

मंगळवारी अंतूर किल्ला, पहाटे साडेतीनला संभाजीनगरच्या बाबा पेट्रोल पंपावर भेटायचं. जोडीदाराच्या मागं जागा आहे. नऊला उतरायला लागायचं, कोणी कितीही "अजून दहा मिनिटं" म्हटलं तरी. पाणी माणशी चार लिटर, आपलं आपण आणायचं. सोमवारची तिसरी पाळी असेल त्यानं येऊ नये, परळीकरांनी का ते सांगितलंच आहे.

नवीन पोरगा, शेंद्रा

सोमवारी दुसरी आहे. येतो. चार लिटर धरतील अशा बाटल्या नाहीत, पाच लिटरचा तेलाचा कॅन धुऊन आणला तर चालेल का?