'वेअरहाऊस स्प्रॉल'ला मराठीत काय लिहावं?

करमाडचा: गावातर्फे नगररचना ऑफिसला निवेदन द्यायचंय. जालना रोडला नि समृद्धीच्या इंटरचेंजकडं शेतात एकामागं एक पत्र्याचे मोठाले शेड उभे राहायलेत, इंग्रजीत याला वेअरहाऊस स्प्रॉल म्हणतात. मी 'वखारींचा फैलाव' लिहिलं तर सरपंच म्हणले वखार लाकडाची असते आणि फैलाव रोगाचा. मग काय लिहू?

जुना मोंढा: वखार एकदम बरोबर. सुरतेला इंग्रजांची वखार होती, राजापूरची महाराजांनी 1661 ला लुटली, तिथं काय लाकडं होती का? राज्य वखार महामंडळ आजही आहे. हातातला शब्द टाकून देऊ नका.

परभणीची लेक: काका तिथंच तर अडचण आहे ना. आमच्याकडं सोयाबीन, तूर वखारीत ठेवतात आणि पावतीवर तारण कर्ज उचलतात. वखार वाचलं की साहेबाला वाटणार शेतमालाच्या सोयीबद्दलच बोलायलेत, आणि या शेडमधी तर टायर, फ्रीज, ऑनलाईनची पार्सलं, शेतकऱ्याचं एक पोतं नाही. गोदाम लिहा दादा.

शब्दवेडा लातूर: गोदाम बोलायला ठीक, लिहिताना भांडार घ्यावं. तसं गोदाम मूळ गोधाम, गाईंची जागा, असं आमचे आजोबा सांगायचे.

जालनेकर: गोधाम नाही हो सर, तो शब्द समुद्रावरनं आलाय, मलय भाषेत गुदांग, पोर्तुगीजांनी उचलला नि इकडं आणला. आणि भांडार म्हटलं की लोकांना ग्राहक भांडार आठवतं. स्प्रॉलला 'पसारा' घ्या, आवरला नाही तर वाढतच जातो हे त्यात आपोआप येतं.

शब्दवेडा लातूर: सरकारी कागदावर पसारा शोभत नाही. 'अनियोजित विस्तार'.

जालनेकर: अनियोजित कसं? एकेका गटाचं एनए, म्हणजे बिगरशेती, रीतसर झालेलं असतं, प्रत्येकाचा कागद बरोबर असतो. पण सगळे गट मिळून ओढ्याचं, विहिरींचं, रस्त्याचं काय होणार हे एकत्र कुणीच बघत नाही, खरं दुखणं ते आहे, प्रादेशिक योजना असते ती त्यासाठीच ना. 2017 ला जीएसटी आला, कंपन्यांना राज्याराज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज उरली नाही, मग मोजकी पण अवाढव्य गोदामं हायवेला सरकली, आणि आता समृद्धीचे 701 किलोमीटर पूर्ण झालेत म्हणल्यावर हे वाढणारच. कॅलिफोर्नियात चिनोकडं गाईगुरांच्या डेअऱ्यांच्या जमिनी अशाच गोदामांखाली गेल्या.

परभणीची लेक: शब्दाचं नंतर बघू. दादा, ओढ्यात भराव टाकलाय का तिथं?

करमाडचा: टाकलाय ना. आवारात सगळं काँक्रीट, पाणी जिरत नाही, जोराचा पाऊस झाला की वरच्या कापसात तुंबतंय. पाणंदीवर कंटेनर उभे, बैलगाडी निघत नाही.

जुना मोंढा: मग आधी भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढा, त्यात ओढे नि गाडरस्ते दाखवलेले असतात. भराव कुठल्या गटात आलाय ते त्यावर लाल पेनानं दाखवा, आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. वखारीवर मी मात्र ठाम आहे.