सी एक्स्टेंशन चाचणीत चालतं, खऱ्या फायलीवर कोसळतं. दोष पकडायचा कसा?

प्रश्न (जळगाव)
पायथन 3.11, 64 बिट लिनक्स. रावेरकडच्या केळीच्या गाड्यांची काट्यावरची वजनं (किलोत) यादीतून घेऊन बेरीज करणारं छोटं सी एक्स्टेंशन (सी भाषेत लिहून पायथनमधून बोलवायचं मॉड्यूल) आहे. गाभा एवढाच: पायलिस्ट_गेटआयटमने वस्तू काढायची, पायलाँग_अॅजलाँगने आकडा घ्यायचा, मग पाय_डेकरेफ (वस्तूचा रेफरन्स काउंट, म्हणजे तिला धरणाऱ्यांची मोजणी, एकने कमी करणारं).

चाचण्या सगळ्या पास. त्यात घडांची 18, 22 अशी वजनं आहेत. खऱ्या फायलीवर बेरीज बरोबर येते, पण नंतर भलत्याच ठिकाणी सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम कोसळतो). कधी यादी छापली की एखाद्या वजनाच्या जागी भाव (फ्लोट, म्हणजे दशांश आकडा) दिसतो. अधूनमधून सिस्टमएरर. मधे एक प्रिंट टाकली की सगळं सुरळीत. सध्या दुपारी 45 अंश असतात. रॅम तापून असं होतं का?

उत्तर 1 (धुळे)
भाऊ, उन्हाला दोष देऊ नका. रॅम बिघडली तर बिट कुठेही उलटतात. वजनाच्या जागी नेमका भाव येऊन बसत नाही.

पायलिस्ट_गेटआयटम उसना रेफरन्स देतं. मालकी यादीचीच राहते. त्यावर डेकरेफ केलं की यादीचा हिस्सा तुम्ही मोडला. समजा एका गाडीचं वजन 16240 आहे. या वस्तूचा काउंट 1 असतो, तो 0 झाला, जागा मोकळी झाली, यादीत मात्र जुना पॉइंटर तसाच. एवढा इंट (पूर्णांक) 28 बाइटांचा, फ्लोट 24 चा. पायथनच्या अॅलोकेटरमध्ये (मेमरी वाटणाऱ्या भागात) दोन्ही 32 बाइटांच्याच कप्प्यात जातात. म्हणून रिकाम्या जागी भाव येतो. प्रिंटमुळे वाटपाचा क्रम बदलतो आणि दोष लपतो.

चाचणी पास होते कारण -5 ते 256 हे इंट पायथन आधीच तयार ठेवतं, ते मरत नाहीत. चाचणीत थेट 16240 लिहिलं तरी फसाल: त्या स्थिरांकाचा एक रेफरन्स कोड ऑब्जेक्टकडे (फंक्शनच्या संकलित रूपाकडे) असतो, एका फेरीत तो निभावून नेतो.

डेकरेफची ती ओळ काढा. 3.13 वर गेलात तर पायलिस्ट_गेटआयटमरेफ आहे. ते स्वतःचा रेफरन्स देतं, तिथे डेकरेफ हवंच.

उत्तर 2 (नंदुरबार)
निदान बरोबर आहे, पण पुढच्या वेळी ओळ सापडायची कशी तेही बघा.

आधी पायथनला "-एक्स डेव्ह" हा पर्याय लावून चालवा. मोकळी केलेली जागा डीडी या बाइटने भरली जाते. जीडीबी या डीबगरमध्ये ओबी_टाइप (वस्तूचा प्रकार सांगणारा पॉइंटर) सगळा डीडीडीडी दिसला तर वस्तू मेल्यावर वापरली गेली, हे नक्की. मात्र मारली कोणी ते यातून कळत नाही. पायडीबग बिल्डही (जादा तपासण्यांसह बांधलेलं पायथन) "निगेटिव्ह रेफ काउंट" म्हणून थांबतं ते यादी मोडताना, गुन्ह्याच्या जागी नाही.

त्यासाठी व्हॅलग्रिंड, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन. एक्स्टेंशन कंपायलरच्या -जी -ओ0 पर्यायांनी बांधा आणि पायथनमॅलॉक=मॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा; नाहीतर 512 बाइटांपर्यंतच्या वस्तू पायथन स्वतःच्या मोठ्या तुकड्यांतून देतं आणि व्हॅलग्रिंडला त्यांचं फ्री होणं दिसत नाही. अहवालात स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याच्या याद्या) येतात. चुकीचं वाचन कुठे झालं तो वरचा. त्याच्या लगेच खालचा, जागा कुठे मोकळी झाली तो, तुमच्या डेकरेफवर बोट ठेवेल. दहा ते पन्नास पट हळू चालतं, म्हणून फाइल छोटी करून द्या. अॅड्रेससॅनिटायझर (कंपायलरची मेमरी तपासणी) फक्त एक्स्टेंशनला लावून इथे भागणार नाही, कारण वाचणारा इंटरप्रिटर आहे. तोही त्याच पर्यायाने बांधावा लागेल.

प्रश्नकर्ता
डेकरेफ काढल्यावर सेगफॉल्ट गेला. सिस्टमएरर अजून आहे: "रिटर्न्ड अ रिझल्ट विथ अॅन एक्सेप्शन सेट".

उत्तर 1 (धुळे)
फायलीत कुठेतरी वजन कोरं असणार, म्हणजे यादीत नन (पायथनचं "काहीच नाही"). पायलाँग_अॅजलाँग तिथे टाइपएरर लावून -1 देतं; तुम्ही -1 बेरजेत धरून पुढे जाता. म्हणजे बेरीजही एक किलोने चुकते, तेवढं विसरू नका. -1 आलं की लगेच पायएर_ऑकर्डने एक्सेप्शन लागलंय का ते तपासा. लागलं असेल तर नल (सीचा रिकामा पॉइंटर) परत करा. फक्त -1 पाहून थांबू नका, तो खरा आकडाही असू शकतो.

चाचणीत इंट("16240") असा चालू प्रोग्रॅममध्ये बनवलेला आकडा एका नावात धरा, यादीत घाला, आणि फंक्शनच्या आधी व नंतर सिस.गेटरेफकाउंट ताडून बघा. फरक शून्यच हवा.