न फुटलेला ॲन्युरिझम: क्लिप की फ्लो डायव्हर्टर? (ठाणे / नवी मुंबई)

वाघबीळकर
आई, वय ५८, बीपीच्या गोळ्या चालू. एमआरआयमध्ये उजव्या एमसीएच्या (मेंदूची मधली मोठी धमनी) फाट्यावर ६ मिमीचा ॲन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) दिसलाय. ठाण्यात क्लिपिंग (कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा) सांगितलं, वाशीत फ्लो डायव्हर्टर (धमनीत आतून बसवायची बारीक जाळी). कोणाचं ऐकावं? हॉस्पिटल कुठलं?

सीवूड्स_लोकल
हॉस्पिटलचं नंतर. डीएसए (धमनीत नळी घालून, औषध सोडून केलेली अँजिओग्राफी) झालीय का? नुसत्या एमआरएवर (एमआरआयने काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र) ठरवू नका. थ्रीडी डीएसएत फुग्याची मान किती रुंद आणि एखादी शाखा फुग्यातूनच निघतेय का, हे नीट कळतं. मान ४ मिमी किंवा जास्त, नाहीतर घुमट (फुग्याचा मुख्य भाग) मानेच्या दुपटीपेक्षा कमी रुंद असेल, तर साधी कॉइल (फुगा आतून भरायची धातूची तार) आत टिकत नाही, मूळ वाहिनीत घसरते. मग बलून किंवा स्टेंटचा आधार लागतो.

फाट्यावर फ्लो डायव्हर्टर मला पटत नाही. जाळी एका शाखेत जाते आणि दुसरीच्या तोंडावर आडवी येते. तिथला प्रवाह मंदावला की स्ट्रोकची भीती. शिवाय जाळीत गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही काही महिने चुकवायच्या नाहीत. दातवाल्याने परस्पर बंद करायला सांगितल्या तरी आधी न्यूरोवाल्यांना फोन. क्लोपिडोग्रेल काहींना लागूच पडत नाही, म्हणून आधी प्लेटलेटची चाचणी मागा. एमसीएचा फाटा कवटी उघडून गाठायला तुलनेने सोपा, म्हणून क्लिपकडे कल असतो. क्लिप लावल्यावर शाखा चालू आहेत हे आयसीजी (चकाकणारा रंग) किंवा डॉपलरने (ध्वनिलहरी) तिथेच तपासतात का, तेही विचारा.

पनवेल_एक्सप्रेस
कॉइलिंगच सरस, आयसॅट (क्लिप आणि कॉइलची तुलना करणारा अभ्यास) वाचा.

सीवूड्स_लोकल
२००२ चा आयसॅट फुटलेल्या ॲन्युरिझमवरचा आहे, आणि त्यात एमसीएचे रुग्ण थोडेच. इथे लावू नका.

कोपरीकर
मुळात हात लावायचाच का, हे कुणी विचारलंच नाही. फेजेस स्कोअर (फुगा फुटण्याचा धोका मोजायचे गुण) मांडा: बीपीचा १, एमसीएचे २, माप ७ मिमीच्या आत म्हणून ०. एकूण ३, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याचा अंदाज सुमारे ०.७ टक्के. तोच फुगा डीएसएत ७ मिमी भरला तर मापाचे ३, एकूण ६, अंदाज १.७. एका मिलिमीटरने दुपटीच्या वर! म्हणून माप पक्कं हवं. मात्र हा स्कोअर अमेरिका-युरोप, जपान आणि फिनलंडच्या रुग्णांवर बेतलेला. फुगा वेडावाकडा आहे का, धूम्रपान, घरात कुणाला असाच रक्तस्राव झालाय का, हे त्यात धरलेलं नाही. यातलं काही असेल तर उपचाराकडे झुका. नसेल तर बीपी काबूत ठेवून ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा एमआरए, हाही रीतसर पर्याय आहे.

वाघबीळकर
डीएसए झालेली नाही. तयारी काय? खर्च?

कोपरीकर
आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी). किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचं (मधुमेहाची गोळी, चालू असेल तर) विचारून घ्या. मनगटातून केली तर लवकर उठता येतं, मांडीतून केली तर काही तास पाय सरळ. फिल्म नको, डायकॉमची (मूळ डिजिटल चित्रं) सीडी घ्या. हवं तर परळला केईएमच्या न्यूरोसर्जरी ओपीडीतही दाखवा. इस्टिमेटमध्ये इम्प्लांट वेगळे लिहून मागा. कॉइल नगावर लागतात, किती ते आधी सांगता येत नाही, आणि मेडिक्लेमची मंजुरी तिथेच अडते.

हॉस्पिटल असं बघा: क्लिप लावणारा आणि कॅथलॅबवाला (धमनीतून नळीने उपचार करणारा) एकाच छताखाली, दोघांनी एकत्र बसून दिलेलं मत. एकच पर्याय असलेल्या ठिकाणी तोच सुचवला जातो.

तोवर अचानक, क्षणात टोकाला जाणारी डोकेदुखी झाली तर ॲस्पिरिन देऊ नका. लगेच १०८, आणि मध्यरात्र असली तरी सीटी.