मदत हवी आहे: टेस्टमध्ये नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ, तरी रीफ टाकीत केसाळ शेवाळ

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. रीफ म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाकीबद्दल मराठीत विचारायला फारशी जागा नाही, म्हणून इथेच धागा काढतेय. गप्पी-गोल्डफिशवाल्यांनीही जरूर वाचा, पण "पाणी बदला, होईल नीट" एवढ्यावर सोडू नका.

टाकी दोन फुटी, खडक-वाळू वजा जाता साधारण ६५ लिटर पाणी. पुण्यात राहते. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, बाकी झोआ, मश्रूम आणि एक लेदर, ही सगळी मऊ प्रवाळं. कठीण प्रवाळ नाही. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे "एखादं एसपीएस (बारीक पॉलिपांचं कठीण प्रवाळ) लावून बघा" हा सल्ला नको. खडक ड्राय रॉकच (कोरडा, जिवंत जीव नसलेला) आहे. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, हजारी ३५, तापमान २६, दिवे १० तास.

आता दुखणं. खडकाच्या माथ्यावर हिरवं, बोटभर लांब केसाळ शेवाळ माजलंय. ओढलं की मूठभर हातात येतं आणि पुन्हा तिथेच उगवतं. झोआंच्या देठांत शिरल्यामुळे काही पॉलिप उघडतच नाहीत. गंमत म्हणजे नायट्रेटच्या किटमध्ये रंगच येत नाही आणि फॉस्फेट हॅना चेकरवर (फॉस्फेट मोजायचं छोटं यंत्र) ०.०२ दिसतं, आणि शेवाळ तर याच दोघांवर वाढतं. दुकानदार म्हणतात, खाणं निम्मं करा आणि फॉस्फेट रिमूव्हर दुप्पट टाका. (रिमूव्हर म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट शोषणारं औषध.) पण जे मुळात शून्याजवळ आहे ते आणखी कुठे न्यायचं? मासे उपाशी ठेवायला मन होत नाही. कुणी यातून गेलंय का?

भरतीओहोटी:
रिमूव्हर दुप्पट अजिबात करू नका. टेस्ट किट फक्त पाण्यात *उरलेलं* मोजतं. पाण्यात येणारं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळ आधीच गिळून बसलंय, म्हणून आकडा शून्य दिसतो. जमाखर्चाच्या वहीत शिल्लक शून्य आहे म्हणून घरात पैसा येतच नाही असं थोडंच आहे?

आणि दोन्ही आकडे खरोखर शून्यावर नेलेत तर डायनोफ्लॅजेलेट्स हे सूक्ष्म, उपद्रवी जीव येण्याचा धोका. तपकिरी शेंबडासारखे तंतू, त्यात हवेचे बुडबुडे, गोगलगायी मरायला लागतात. त्यापेक्षा केसाळ शेवाळ बरं. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) यांच्या दरम्यान असू द्या, मऊ प्रवाळांनाही ते हवंच असतं.

खरा प्रश्न, येतंय कुठून? उडालेल्या पाण्याच्या जागी कुठलं पाणी घालता?

धागाकर्ती:
घरच्या आरओचं. मीठही त्यातच कालवते. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर ७० येतात. नळाला ४५० च्या आसपास, कारण उन्हाळ्यात सोसायटीत बोअर आणि टँकर एकत्र होतं. पाणी गार करणारा चिलर परवडत नाही म्हणून पंखे लावलेत, तेव्हा रोज दीड लिटर तरी उडतं.

भरतीओहोटी:
सापडलं म्हणायचं, निदान अर्धं तरी.

रोज दीड लिटर म्हणजे महिन्याला ४५ लिटर. तुमच्या ६५ लिटरच्या टाकीत. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, बाकी सगळं मागे राहतं. समजा आरओच्या पाण्यात नायट्रेट १० पीपीएम आहे. ४५ लिटरमागे ४५० मिलिग्रॅम झालं, म्हणजे टाकीत दर महिन्याला जवळपास ७ पीपीएमची भर, माशांना चिमूटभर खाणं न घालता! बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणं नवलाचं नाही आणि आरओचा मेम्ब्रेन कॅल्शियम जितकं अडवतो तितकं नायट्रेट किंवा सिलिका अडवत नाही. आज टाकीचं नको, आरओच्या पाण्याचं नायट्रेट-फॉस्फेट तपासा.

शिवाय आपले घरगुती आरओ पिण्यासाठी बनवलेले असतात. चवीसाठी त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत वर मिनरल कार्ट्रिजही असते. प्यायला उत्तम, टाकीला नाही.

टाकीबहाद्दर:
एवढी यातायात कशाला, अलिबागला जाऊन समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणा. फुकट.

झोआवेडा:
@टाकीबहाद्दर, पावसाळ्यात किनाऱ्याजवळची क्षारता खाली येते आणि नाल्या-खाड्यांतून काय काय वाहत येतं ते वेगळं. शेवाळावरच्या धाग्यात हा उपाय म्हणजे कमाल आहे.

ताई, शेवाळाचा एक धागा उपटून पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून बघा. पिसासारखी दोन्ही बाजूंना फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस, शेवाळाचाच एक प्रकार. त्यावर हौशी लोक फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात आणि बऱ्याच जणांना गुण येतो. साधा, बिनफांद्यांचा धागा असेल तर त्या औषधाच्या भरवशावर राहू नका.

हातानं काढणं चालूच ठेवा, पण टाकीत ओढू नका, तुकडे पसरतात. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत खडक धरून टूथब्रशनं घासा. झोआंच्या बुडाशी हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे बहुधा २० व्हॉल्यूमची, म्हणजे ६ टक्क्यांची बाटली मिळते. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. खडक पाण्याबाहेर असताना ब्रशनं फक्त शेवाळाला लावा, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. टाकीत ओतू नका, क्लीनर श्रिंपला ते सोसत नाही.

दिव्यांचा पांढरा चॅनेल सहा तासांवर आणा, निळा राहू द्या. तीन दिवस अंधार करण्याचा उपाय केसाळ शेवाळावर टिकत नाही.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. धागे बिनफांद्यांचेच आहेत, म्हणजे ब्रायोप्सिस नाही. आणि आरओच्या पाण्यात नायट्रेटचा गुलाबी रंग चक्क दिसला, ५ ते १० च्या मधला. टाकीत शून्य आणि पिण्याच्या पाण्यात दहा, घरात सगळे हसताहेत.

दोन शंका. डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी आणली तर ती आरओच्या तोटीला जोडू का? आणि कोकणात खडकांवर टर्बोसारख्या गोगलगायी दिसतात, त्या आणल्या तर?

भरतीओहोटी:
तोटीला नको. तिथे मिनरल घातलेलं, कच्चं मिसळलेलं पाणी येतं, रेझिन बघता बघता संपेल. मेम्ब्रेनमधून शुद्ध पाणी बाहेर पडतं तिथेच, टीडीएस कंट्रोलरच्या आधी, टी-जोड टाकून वेगळी लाइन काढा; आरओवाल्या मेकॅनिकला दहा मिनिटांचं काम आहे. डीआयनंतर मीटर ० दाखवायला हवा. २-३ दिसू लागले की रेझिन बदला, थांबू नका, कारण संपलेलं रेझिन धरून ठेवलेलं नायट्रेट आणि सिलिका सोडायला लागतं.

चांगलं पाणी सुरू झालं तरी लगेच फरक दिसणार नाही. ड्राय रॉकमध्ये मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. चेकरवर ०.०३ च्या वर गेलं तरच रिमूव्हर टाका, तोही चमचाभरच, आणि त्याखाली आलं की काढून ठेवा.

झोआवेडा:
किनाऱ्यावरच्या आणू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या त्या, पाण्याबाहेर चढायची सवय. सकाळी जमिनीवर सापडतील. शिवाय त्यांच्यात मांसाहारी जातीही असतात, नवख्याला ओळखू येत नाहीत, त्या तुमच्या बाकीच्या गोगलगायी फस्त करतील. दुकानातून ट्रोकस जातीच्या गोगलगायी मिळाल्या तर तीन-चार पुरेत. त्या उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात, टर्बोंना ते जमत नाही. पण आधी लांब शेवाळ हातानं कापून घ्या, बोटभर वाढलेलं बहुतेक गोगलगायी खात नाहीत.