झोताच्या वाऱ्यात शिकाऊ विमान: उन्हाळ्यात दुपारची एकट्याची उड्डाणं बंद करावीत का?

रानवारा: गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याजवळच्या धावपट्टीवर शिकाऊ विमान उतरताना आपटलं. पुढचं चाक आधी टेकलं, विमान उसळलं, दुसऱ्या आपटीत चाक मोडलं, प्रोपेलर घासला. एकटाच उडवणारा पोरगा सुखरूप आहे. गावात कोणी पोराला दोष देतं, कोणी वाऱ्याला. मला दोन्ही पटत नाही. वैशाखातल्या दुपारी इथे वावधन कसं उठतं हे कोणाला माहीत नाही? मग एप्रिल-मेमध्ये ऊन चढल्यावर नवख्याला एकट्याने सोडायचंच कशाला? बंद करा.

विमानवेडी: साफ असहमत. वारा टाळून वैमानिक घडत नाही. सेस्ना १७२ हे विमान १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किमी आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं आहे. वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्याचा निम्माच जोर आडवा लागतो. विमान उसळलं की फुल पॉवर द्यायची, उतरणं सोडून वर चढायचं आणि पुन्हा फेरी घ्यायची, एवढं पक्कं हवं.

रानवारा: ताई, ते १५ नॉट कसलेल्या चाचणी वैमानिकाच्या हातचे. वारा १२ नॉट आणि झोत २२ चा असेल, तर फरकाच्या निम्मा, म्हणजे ५ नॉट वेग जास्त ठेवून या असं शिकवतात. बरोबरच आहे. पण त्या वाढीव वेगाने विमान तरंगत राहतं, धावपट्टी सरत जाते आणि नवखा हात ते बळेच खाली दाबतो. पुढचं चाक आधी टेकतं ते असंच.

काळीमाती: आणि फेरी घेणं तरी सोपं आहे का? अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ, इंजिनाची ताकद उतरते, विमान जड चढतं. मी रानवारा भाऊंच्या बाजूने.

विमानवेडी: म्हणूनच फेरीचा निर्णय लवकर घ्यायचा! पण फेरी घेऊन आलेल्या पोराला खाली सोबतीच विचारतात, 'घाबरला का?' माझा राग यावर आहे. पुढच्या वेळी तो कसंही करून उतरायलाच बघणार. वेळापत्रक बदलून हे सुटत नाही. आणि अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं नाही. विमान अपघात चौकशीच्या २०१७ च्या नियमांतही तेच आहे. गावाने आधीच निकाल लावू नये.

रानवारा: 'घाबरला का' हे मलाही चीड आणतं, त्यात तुमच्या सोबत आहे. शिक्षक शेजारी बसवून भर दुपारी खुशाल उडवा, आडवा वारा तिथेच शिकू द्या. एकट्याने मात्र नको. त्यावरून मी हटणार नाही.