शब्द हवाय: ‘स्ट्रेन’ला मराठीत काय म्हणता? (ग्राफीन ताणलं की उष्णता कशी वाहते, त्या संदर्भात)

चहाबिस्कीट:
मंडळी मदत करा. कॉलेजच्या विज्ञान अंकासाठी लेख लिहितेय, विषय असा की ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूएवढा जाड पापुद्रा, तो दोन्हीकडून ओढला तर त्यातून उष्णता जास्त वाहते की कमी. अर्धा लेख झाला आणि गाडी शब्दापाशी अडलीये. स्ट्रेस आणि स्ट्रेन, दोन्हीला मी ताणच लिहीत सुटले होते, काल वाचून बघितलं तर वाक्य झालंय "ताण दिल्यावर ताण २ टक्के होतो आणि ताणामुळे..." पुढे मलाच कळेना. पाठ्यपुस्तकी शब्द आहेत प्रतिबल आणि विकृती. प्रतिबल चालेल, पण "ग्राफीनमधली विकृती वाढवली" हे भावाला वाचून दाखवलं तर म्हणे पोलिसात दिलं का त्याला.

जुना मास्तर:
विकृतीला हसू नका हो. मूळ आकार बदलला ती विकृती, संस्कृतात सरळ अर्थ आहे, आजाराचा आणि चारित्र्याचा वास नंतर लागला. मागची बाकं पहिल्या दिवशी हसायची, दुसऱ्या दिवशी गणितं सोडवायची. फरक मात्र नीट धरा. प्रतिबल म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर किती जोर, त्याला एकक असतं. विकृती हे नुसतं गुणोत्तर. १ मीटरची पट्टी १ मीटर २ सेंटिमीटर झाली की २ टक्के, संपलं.

ढोलवाला:
मास्तर, परीक्षेत ठीक आहे पण अंक वाचणारी पोरं मागच्या बाकावरचीच ना? आमच्या पथकात कोणी म्हणत नाही "पानातली विकृती वाढव", म्हणतात "ढोल ताण". दोरीत जोर किती तो ताण, आणि पान किती वाढलं हे सांगायला नाम लागतच नाही, क्रियापद आहे की! "२ टक्के ताणलेलं ग्राफीन" लिहा. "५ टक्के ताणल्यावर". कोणाला पोलीस आठवणार नाहीत.

चहाबिस्कीट:
अय्या हे भारी आहे! इतका वेळ नाम शोधत बसले. पण आलेखाच्या अक्षावर काय लिहू?

ढोलवाला:
"किती ताणलं (टक्के)". अक्षाला कोण मार्क देतंय.

जुना मास्तर:
आणि दाबलं तर? उणे ताणलं लिहिणार का? तिथे विकृती बिनबोभाट उणे होते. एकदा कंसात तरी द्या, पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला तोच शब्द भेटणार आहे.

अर्धवट:
दुसरा घोळ आत्ताच मिटवा, नाहीतर लेखात होईल. कंडक्शनला आपल्याकडे शाळेत वहन, कन्व्हेक्शनला अभिसरण, रेडिएशनला प्रारण. हिंदीत कन्व्हेक्शनलाच संवहन म्हणतात, आणि आपण मराठीत संवाहक म्हणजे कंडक्टर म्हणतो. हिंदी व्हिडिओ बघून लिहिलेल्या लेखात मी स्वतः "ग्राफीनमधील उष्णतेचे संवहन" वाचलंय, हिंदीवाल्याला वाटेल कार्बनच्या जाळीत हवा खेळतेय. वहन लिहा, सुवाहक-दुर्वाहक लिहा.

आता विषयाचं. साध्या तापमानाला तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्विन. अधांतरी धरलेल्या ग्राफीनवर २००८ साली पहिल्यांदा मोजलं तेव्हा ३ हजारांच्या वर आकडे आले. आणि तांब्यात ही हमाली इलेक्ट्रॉन करतात, ग्राफीनमध्ये मुख्यतः जाळीची थरथर करते, म्हणजे फोनॉन. (फोनॉनला फोनॉनच राहू द्या, ध्वनिकण वगैरे नको.) त्यामुळे ताणल्याने ही थरथर कशी बदलते एवढाच प्रश्न आहे.

चहाबिस्कीट:
तिथेच तर दुसरा शब्द अडलाय. अणू कागदाच्या पातळीत हलतात ती एक थरथर, आणि कागदाच्या वर-खाली हलतात ती दुसरी. दुसरीला "प्रतलाबाह्य नमन कंपन" सुचवलंय एकाने, मला ते पूजेतलं वाटतं.

ढोलवाला:
झोळ! वाळत घातलेल्या चादरीला झोळ असतो, वाऱ्याने वर-खाली लाट जाते, दोरी ताणली की झोळ निघतो आणि लाट वेगळीच पळते. झोळाची लाट म्हणा.

अर्धवट:
झोळ फिट्ट बसतो, खरंच. सैल पापुद्र्यात ही लाट जितकी लांब तितकी संथ, अगदी लांब लाटेचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. ताणला की ती तारेवरच्या लाटेसारखी होते, लांब लाटेलाही ठराविक वेग मिळतो. दुसरीकडे ओढल्याने बंध नरम पडतात, म्हणून पातळीतल्या लाटा मंदावतात. एक बाजू वहन वाढवायला बघते, दुसरी कमी करायला. सिलिकॉन किंवा हिऱ्याच्या ठोकळ्यात झोळाची भानगड नाही, तिथे ताणलं की गणितात वहन कमीच होतं. ग्राफीनमध्ये मात्र गणितं आपसात भांडतात, काही पद्धती कमी सांगतात, काही म्हणतात पापुद्रा किती लांबरुंद घेतला त्यावर अवलंबून, मोठा घ्याल तसं ताणलेल्याचं उत्तर चढत जातं. सिलिसीन, म्हणजे सिलिकॉनचा तसाच पापुद्रा, मुळात थोडा वर-खाली दुमडलेला असतो, ताणून सपाट होऊ लागला की वहन आधी वाढतं असं गणित सांगतं. त्यामुळे लेखात "ताणलं की वाढतं" असं एका दमात लिहू नका.

चहाबिस्कीट:
मग मोजून का नाही बघत सरळ?

अर्धवट:
मोजतात, पण गंमत बघा. लेसर मारून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातली (रामन वर्णपट), १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची रेषा किती सरकली त्यावरून तापमान काढतात. तापवलं की रेषा खाली सरकते. आणि ताणलं तरीही खालीच सरकते! म्हणजे तुमचा थर्मामीटरच ताणाला बळी पडतो, दोन्ही वेगळं करत बसावं लागतं. वर आणखी एक, साध्या तापमानाच्या आसपास ग्राफीन तापवलं की पसरत नाही, आकसतं. कडा घट्ट धरल्या असतील तर तापवता तापवता आपोआप ताणलं जातं.

ढोलवाला:
हलगी शेकल्यासारखं!

अर्धवट:
हो, कारण वेगळं पण. हलगीचं कातडं ओल जाऊन आवळतं, इथे झोळाच्याच थरथरीने पापुद्रा आत ओढला जातो. लटपटणाऱ्या दोरीची दोन टोकं जवळ येतात तसं.

जुना मास्तर:
शब्दांचा धागा आहे म्हणून माझंही एक. ताण, तंतू, गाण्यातली तान, सगळे तन् धातूचे, तन् म्हणजे पसरणं, ताणणं. आणि तनु म्हणजे पातळ, सडपातळ, तोही त्याच घरातला. हिंदीवाले पातळ केलेल्या आम्लाला तनु अम्ल म्हणतात, आपण विरल. म्हणजे पातळ पापुद्रा ताणायचा हे तुमचं सगळं एकाच धातूत बसतं बाई.

चहाबिस्कीट:
काका हे चौकटीत टाकते! तर आता असं लिहिलंय: "ग्राफीन २ टक्के ताणलं (विकृती २ टक्के) की त्याचा झोळ निघतो आणि झोळाच्या लाटा वेगाने जाऊ लागतात, पण बंध नरम पडल्याने पातळीतल्या लाटा मंदावतात. वहन वाढेल की कमी होईल हे पापुद्रा किती मोठा आहे आणि गणित कुठल्या पद्धतीने केलंय त्यावरही ठरतं." चालेल?

जुना मास्तर:
चालेल. "कमी होईल"च्या जागी घटेल करा, वाढेलशेजारी बरं दिसतं.

ढोलवाला:
आणि अक्षावर "किती ताणलं" आहे ना अजून?

चहाबिस्कीट:
आहे. संपादक काढेपर्यंत.