सेपल्टुराच्या त्या चौघांनी शेवटच्या एका रात्रीसाठी एकत्र यावे का?

चारतारी

सेपल्टुरा या ब्राझीलच्या मेटल बँडचा निरोपाचा दौरा १ मार्च २०२४ रोजी बेलो होरिझोंते येथे सुरू झाला, म्हणजे ज्या शहरात १९८४ साली दोन शाळकरी भावांनी हा बँड काढला त्याच शहरात, आणि तेव्हापासून एक जुनाच प्रश्न पुन्हा डोके वर काढतो आहे. गायक-गिटारवादक मॅक्स आणि ड्रमर इगोर हे कव्हालेरा बंधू, गिटारवादक आंद्रेआस किसर आणि बेसवादक पाउलो ज्युनिअर या चौघांनी १६ डिसेंबर १९९६ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत अखेरचे एकत्र वाजवले. बँडने आपला गाशा गुंडाळण्यापूर्वी या चौघांनी एकदा तरी एका मंचावर यावे की नाही, आणि यावे तर कोणत्या स्वरूपात?

ज्यांनी हा बँड उशिरा ऐकायला घेतला त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये मॅक्सच्या सावत्र मुलाचा मोटार अपघातात मृत्यू झाला. बँड तेव्हा इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या महोत्सवासाठी आला होता. मॅक्स तातडीने घरी परतला आणि उरलेल्या तिघांनी, किसरने गाण्याची बाजू सांभाळत, ठरलेला कार्यक्रम पार पाडला. मृत मुलाची आई ग्लोरिया ही मॅक्सची पत्नी आणि त्याच वेळी बँडची मॅनेजरही होती. डिसेंबरमध्ये तिच्या कराराची मुदत संपत आली तेव्हा तिघांनी तो पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि मॅक्स बाहेर पडला. घरात दुःख ताजे असताना आपल्या माणसांनी पाठ फिरवली, असे एका बाजूचे म्हणणे. मॅनेजरचे लक्ष सगळ्यांवर सारखे राहिले नव्हते, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही हकीकती इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत की, त्यांतली खरी कोणती हे ठरवण्यात मला आता रस उरलेला नाही.

माझे मत असे आहे की एक रात्र अवश्य व्हावी, पण नवा अल्बम कदापि होऊ नये. ‘केऑस ए.डी.’ (१९९३) आणि ‘रूट्स’ (१९९६) हे अल्बम पंचविशीच्या आसपासच्या चार तरुणांनी केले, आणि ते ज्या ब्राझीलमध्ये वाढले तिथली लष्करी राजवट १९८५ पर्यंत टिकून होती. कारांदिरू तुरुंगात १९९२ साली पोलिसांनी १११ कैदी मारले, त्यावर पुढच्याच वर्षी यांचा ‘मॅनिफेस्ट’ येतो. हा संताप तिथल्या तिथे उमटलेला होता. तो आता ठरवून आणता येईल असे मला वाटत नाही. आपणा सर्वांचे काय मत आहे?

मागची रांग

मी ठामपणे विरोधात आहे, आणि माझ्या विरोधाचे नाव डेरिक ग्रीन आहे.

या विषयावरील प्रत्येक चर्चेत १९९६ ते २०२४ ही वर्षे जणू कुणीतरी जागा अडवून बसले होते अशा थाटात बाजूला सारली जातात. सेपल्टुराचे एकूण पंधरा स्टुडिओ अल्बम आहेत आणि त्यांपैकी नऊ ग्रीनच्या आवाजात आहेत. ‘अगेन्स्ट’ (१९९८) आला तेव्हा मॅक्सच्या चाहत्यांनी त्याची किती हेटाळणी केली हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ठाऊक आहे. क्लीव्हलंडहून आलेला एक गायक ब्राझीलच्या बँडमध्ये उभा राहतो, रोज रात्री दुसऱ्याची गाणी त्या माणसाशी होणारी तुलना सहन करत गातो, आणि तरीही टिकतो. २०२० चा ‘क्वाड्रा’ मी कोणत्याही दिवशी ‘रूट्स’च्या उत्तरार्धाच्या वर ठेवीन, मग त्यावरून कुणी माझ्याशी वाद घातला तरी चालेल.

दौरा अवघ्या काही दिवसांवर आला असताना ड्रमर एलॉय कासाग्रांडे बँड सोडून गेला आणि लवकरच स्लिपनॉट या अमेरिकन मेटल बँडमध्ये दिसला. ग्रेसन नेक्रुटमन या विशीतल्या मुलाने ऐनवेळी ती जागा घेतली आणि दौरा ठरल्या दिवशीच सुरू झाला. अशा वेळी ज्यांनी बँड उभा ठेवला, त्यांच्याच निरोपाच्या रात्री सारा प्रकाश दुसऱ्यांवर वळवायचा, ही कल्पना मला कृतघ्नपणाची वाटते. मॅक्स मंचावर आला की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ग्रीनला अर्धे वाक्यसुद्धा मिळणार नाही.

डबलबेस

मागची रांग यांनी ग्रीनविषयी जे लिहिले आहे त्यातले एक अक्षरही मला खोडायचे नाही, परंतु हा प्रश्न फक्त गायकाचा नाही, याकडे लक्ष वेधायचे आहे. मी स्वतः ड्रम वाजवतो, त्यामुळे मला हा बँड आधी इगोरचा आणि मग बाकीच्यांचा वाटतो. हा माझा पक्षपात समजून पुढे वाचावे.

‘रिफ्यूज/रेझिस्ट’ची सुरुवात ऐकावी. आधी हृदयाचे ठोके ऐकू येतात. मॅक्सचा मुलगा झायन पोटात असतानाच्या ठोक्यांचे ते ध्वनिमुद्रण आहे. त्या ठोक्यांवर इगोरचे टॉम (ड्रमसंचातले घुमणारे ढोल) येतात, आणि ते सरळ थ्रॅशच्या, म्हणजे वेगवान मेटलच्या, वेगाने पळत नाहीत. सर्वसाधारण थ्रॅश ड्रमर जिथे स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या मुख्य ड्रमवर, भार देऊन पुढे निघून जातो, तिथे इगोर खालच्या टॉमवर रेंगाळतो आणि ब्राझीलच्या रस्त्यांवरील ढोलपथकांचा हेलकावा आणतो, ज्यामुळे गिटार सुरू होण्याआधीच अंगात लय भिनलेली असते. ‘टेरिटरी’च्या आरंभीही तेच आहे. त्याच्यानंतर आलेले ड्रमर तंत्रात कमी नव्हते. कासाग्रांडे तर हातापायांच्या वेगात इगोरपेक्षा कितीतरी पुढे आहे. पण तो हेलकावा वेगाने भरून निघत नाही. जाता जाता सांगतो की, ज्याचे ठोके आपण ऐकतो तो झायन आज वडिलांच्या सोलफ्लाय या बँडचा ड्रमर आहे.

आता दुसरी बाजू पाहू. दोघा भावांचे २००६ साली मनोमीलन झाले, त्याच वर्षी इगोरनेही सेपल्टुरा सोडला, आणि पुढे दोघांनी कव्हालेरा कॉन्स्पिरसी काढून २००८ मध्ये पहिला अल्बम दिला. २०१६ पासून ते ‘रूट्स’ संपूर्ण वाजवत फिरले. सेपल्टुराच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी २०२३ मध्ये ‘बेस्टियल डिव्हॅस्टेशन’ आणि ‘मॉर्बिड व्हिजन्स’, तर २०२४ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ त्यांनी नव्याने ध्वनिमुद्रित केला. म्हणजे जुनी गाणी दोन्हीकडे वाजतच आहेत, मग पुनर्मीलनाची गरजच काय, असे कुणीही विचारेल. माझे उत्तर किसर हे आहे. तो १९८७ साली आला आणि एका वर्षात हा बँड कुठल्या कुठे गेला हे ‘मॉर्बिड व्हिजन्स’ आणि मूळ ‘स्किझोफ्रेनिया’ लागोपाठ ऐकले की समजते. मॅक्स गिटारच्या फक्त चार तारा ठेवतो, वरच्या दोन काढूनच टाकतो, आणि उजव्या हाताने कुऱ्हाड चालवल्यासारखा वाजवतो. त्या घावांच्या वर किसरची सोलो गिटार मोकळी फिरते. भावांच्या बँडमध्ये खालचा मजला आहे आणि सेपल्टुरात वरचा. हे दोन्ही एकाच वेळी कानावर पडून किती वर्षे झाली!

साउंडचेक

वर भावनेचा आणि संगीताचा विचार झाला आहे. मी व्यवहाराचा करतो, कारण अशी पुनर्मीलने बहुधा तिथेच अडतात.

ब्लॅक सबाथ या इंग्लिश मेटल बँडचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मूळ चौघे पुन्हा एकत्र येणार असे २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ड्रमर बिल वॉर्डने आपल्याला सही करता येईल असा करार मिळालेला नाही, असे उघडपणे सांगून अंग काढून घेतले. परिणामी ‘१३’ हा अल्बम दुसऱ्याच ड्रमरबरोबर झाला आणि २०१७ चा बर्मिंगहॅममधील समारोपही वॉर्डशिवायच पार पडला. चौघे अखेर एकत्र आले ते ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर. उत्पन्न धर्मादाय कामांसाठी होते आणि सबाथ म्हणून वाजवलेली गाणी फक्त चार होती. त्यांचा गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, कारण त्याला उभे राहणे शक्य नव्हते. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला.

या प्रसंगातून घेण्यासारखे एवढेच की, वाटणीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि दौऱ्याचे, अल्बमचे, बोधचिन्हाच्या हक्कांचे शेपूट मागे लावले नाही, तर दशकांचे हट्टही एका संध्याकाळपुरते मिटू शकतात. सेपल्टुराच्या बाबतीत तर भांडणाचे मूळच व्यवस्थापनात होते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मॅनेजरांना दूर ठेवून, एकाच कार्यक्रमाचा एकाच पानाचा करार, तोही एखाद्या रुग्णालयाच्या नावे, एवढेच शक्य कोटीतले दिसते. किसरच्या पत्नीचे २०२२ मध्ये कर्करोगाने निधन झाले आणि त्यानंतर तो मृत्यूविषयी जाहीरपणे व मोकळेपणाने बोलत आला आहे. असे कारण सुचवावे लागेल असेही मला वाटत नाही.

स्लेयर या अमेरिकन थ्रॅश बँडची वाट मात्र यांनी धरू नये. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी लॉस एंजलिसजवळच्या इंगलवुड येथे डोळ्यांत पाणी आणणारा निरोप घेतला आणि पाच वर्षे पूर्ण होण्याच्या आत, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, शिकागोच्या महोत्सवात परत उभे राहिले. संगीत चांगलेच झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण निरोपाचे तिकीट म्हणून ज्यांनी जास्तीचे पैसे मोजले होते, त्यांना नेमके काय विकले गेले होते?

गंजलेला बूट

चारतारी यांच्या ‘नवा अल्बम कदापि नको’ या विधानाशी मी असहमत आहे. कार्कस हा इंग्लिश मेटल बँड १९९६ मध्ये संपला होता, २००७ मध्ये तो परतला, आणि २०१३ मध्ये आलेला ‘सर्जिकल स्टील’ हा त्यांच्या उत्तम अल्बमांपैकी एक ठरला. त्यांचा मूळ ड्रमर केन ओवेन १९९९ मधील मेंदूतील रक्तस्रावानंतर पूर्ण कार्यक्रम वाजवू शकत नव्हता. तरी त्याला विसरले गेले नाही, त्या अल्बमवर पार्श्वस्वरात त्याचा आवाज आहे. पंचविशीचा संताप पन्नाशीत येत नाही हे मान्य, परंतु पन्नाशीतल्या माणसाकडे रिफ, म्हणजे गिटारच्या दमदार धुनी, नसतात असे कुणी सांगितले? होऊ द्यावे आणि वाईट झाले तर ऐकू नये, इतके ते साधे आहे.

मागची रांग

कार्कसच्या जागी त्या अकरा वर्षांत दुसरा गायक घेऊन दुसरा कार्कस फिरत नव्हता. हा फरक मोठा आहे आणि तो सोयीस्करपणे गाळला जातो आहे.

साउंडचेक यांनी मांडलेला एका पानाचा करार मात्र मला पटतो. त्यात आणखी एक अट घालावी: रात्र ग्रीनने सुरू करावी, ग्रीननेच संपवावी, आणि मॅक्स व इगोर यांनी मधल्या भागात पाहुणे म्हणून यावे. ही अट कव्हालेरा बंधूंना अपमानास्पद वाटत असेल, तर त्यांना खरोखर काय हवे आहे तेही आपोआप स्पष्ट होईल. माझा अंदाज आहे की त्यांना ती मान्य होणार नाही, आणि म्हणूनच मी मुळात विरोधात आहे.

डबलबेस

ज्यांनी १९८४ मध्ये बँड काढला त्यांना त्याच बँडच्या अखेरच्या रात्री पाहुणे म्हणवून घ्यायला लावणे हेही मला थोडे जुलमाचे वाटते. शेवट ग्रीनने करावा हे मान्य आहे. पण ‘पाहुणे’ ही पाटी कशाला हवी? ओळख करून न देता चौघे मंचावर आले तरी प्रेक्षागृहात कुणाला काही सांगावे लागणार नाही.

चारतारी

सर्वांचे आभार. गंजलेला बूट यांच्या कार्कसच्या मुद्द्याने मी ‘कदापि’वरून ‘बहुधा नको’पर्यंत सरकलो आहे, त्यापुढे सरकणे कठीण आहे, कारण कार्कसच्या पाठीशी भाऊ, पत्नी आणि मृत मुलगा अशी गुंतागुंत नव्हती.

मधल्या भागाची कल्पना मला सर्वांत व्यवहार्य वाटते, म्हणून ती थोडी पुढे नेतो. चौघांनी पाचच गाणी वाजवावीत. ‘बिनीथ द रिमेन्स’ आणि ‘अराइझ’मधले प्रत्येकी एक, ‘केऑस ए.डी.’मधली दोन, आणि ‘रूट्स’मधले शीर्षकगीत. यात एक तांत्रिक अडचण आहे: ‘रूट्स’साठी गिटार थेट बी स्वरापर्यंत उतरवावी लागते, ‘केऑस ए.डी.’ डी स्वरात आहे, आणि १९९१ पर्यंतची गाणी नेहमीच्या ई स्वरात. म्हणजे पाच गाण्यांत दोन वेळा गिटार बदलावी लागणार. त्या वेळात मॅक्स आणि किसर यांना मंचावर शेजारी उभे राहून काहीतरी बोलावे लागेल, जे त्या दोघांनाही अवघड जाईल. डबलबेस, तुम्ही वाजवणारे आहात म्हणून विचारतो: या दोन्ही फटी इगोर आणि नेक्रुटमन यांनी मिळून ड्रमवर भरून काढल्या तर दोन ड्रमसंच मंचावर ठेवून ते जमण्यासारखे आहे का, की आवाजाचा नुसता गोंधळ होईल?